सुझुकी, कावासाकी आणि नुसती मावशी

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या मंडळींबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. ही माणसं पात्रांच्या साड्यांवर, जेवणाखाण्यावर, पावसापाण्यावर पानंच्या पानं खर्च करतात आणि नाव मात्र सुचेल ते ठेवून मोकळी होतात. बेचाळीसच्या चळवळीवरची गोष्ट वाचायला घ्यावी तर नायिकेचं नाव श्रेया आणि तिच्या आईचं नेहा! नावं गोड आहेत, नाही कुठे म्हणतेय? पण 1942 साली वीस वर्षांची असलेली मुलगी 1922 साली जन्मली. तिचं बारसं करणारी आत्या 1922 सालातली, पाळण्याची दोरी हातात धरलेली आजी तर 1922च्याही आधीची. त्या बायकांना 'नेहा' कुठून सुचणार? त्यांच्या तोंडी गंगा, यमुना, द्वारका, अनसूया. फार तर एखाद्या शिकलेल्या घरात कुसुम किंवा मालती. गोष्टीतल्या माणसाचं नाव लेखकाने ठेवायचंच नसतं, असं माझं मत आहे. ते त्या माणसाच्या आईबापांनी, आत्याने, त्या वर्षी, त्या गावात ठेवलेलं असतं. लेखकाचं काम ते शोधून काढण्याचं.

मी हे अधिकाराने बोलते, कारण बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना माझ्या हाताखालून हजेरीपटांची चळत गेली. दरवर्षी जूनमध्ये नवा हजेरीपट आखायचा, आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. माझ्या पहिल्या वर्षांमधल्या मुली सुनंदा, मंगल, शोभा, संध्या, सुनीता. मग आल्या स्वाती, मनीषा, रूपाली, अश्विनी. मग पूजा, स्नेहा, प्रियांका. निवृत्त व्हायच्या सुमारास सानिका, साक्षी, वैष्णवी. आता नातवंडांच्या वर्गात आर्या, स्वरा आणि विहान. मुलांचंही तेच. सचिन तेंडुलकर 1973चा. वडील मराठीचे प्राध्यापक आणि कवी, त्यांनी सचिन देव बर्मन यांच्यावरून मुलाचं नाव ठेवलं हे सर्वांना ठाऊक आहे. त्या काळात सचिन हे नाव हवेतच होतं म्हणा ना. पण 1930 सालच्या कोकणातल्या खोताच्या घरात सचिन जन्माला घातलात तर मी पुस्तक तिथेच मिटणार.

असो. ही तक्रार आत्ता उगाळून बसण्याचं कारण मात्र थेट जपानचं आहे.

पनवेलचा आणि जपानचा काय संबंध, म्हणाल. तर तो आपला अटल सेतू. शिवडीहून निघून इकडे उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरणारा, जवळजवळ बावीस किलोमीटरचा. जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. त्याला कर्ज जपानच्या 'जायका' या संस्थेचं आणि बांधणाऱ्या कंपन्यांमध्ये एक जपानी कंपनीही होती. माझा एक जुना विद्यार्थी इंजिनियर आहे आणि चांगला लिहितो. त्याने या पुलाभोवती एक दीर्घकथा लिहायला घेतली आणि पहिला खर्डा मला वाचायला पाठवला. कथेत दोन मुख्य माणसं. एक जपानी साहेब, साठीच्या आसपासचा. दुसरी, ज्या गावच्या खाडीवरून पूल जातो तिथली एक म्हातारी, जमीन गेलेली.

जपानी साहेबाचं नाव होतं सुझुकी कावासाकी.

मी हसले, पण त्यात त्याचा दोष थोडाच आहे! आपली जपानी नावांची शिदोरी सगळी रस्त्यावरून गोळा केलेली. सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी. ही मूळची सगळी आडनावं, गाड्या नंतर आल्या. म्हणजे कुणी जपानी लेखकाने पनवेलच्या माणसाचं नाव 'म्हात्रे घरत' ठेवावं तसलाच हा प्रकार. मी फक्त एवढंच कळवलं, की बाबा रे, हा माणूस कुठल्या साली जन्मला ते आधी ठरव.

मुलगा हुशार. त्याने महिनाभर अभ्यास केला आणि मलाही करायला लावला. त्यातून जे कळलं ते इतकं आपल्या ओळखीचं निघालं, की मला फार मजा वाटली.

पहिली गोष्ट, जपानी माणूस आडनाव आधी सांगतो, अगदी आपल्या हजेरीपटासारखं. मध्ये वडिलांचं नाव मात्र नाही. आमच्या लेखकाने दुसऱ्या खर्ड्यात साहेबाला बापाचं नाव मध्ये घालून दिलं होतं, ते काढावं लागलं. (आपल्याकडे तर आता 1 मे 2014 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला आहे. उद्या या पिढीवर गोष्टी लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं!) सर्वसामान्य जपानी माणसाला आडनाव लावण्याची सक्ती झाली ती 1875 साली, मेइजी राजवटीत. त्यातली कितीतरी आडनावं शेताभाताची आहेत. तनाका म्हणजे भातशेताच्या मधला, यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा. भातखाचरं आणि डोंगर! आमच्या पनवेल-कर्जतच्या माणसाला याहून जवळचं काय असणार?

मुलींच्या नावांची तर हुबेहूब आपल्यासारखी कालगणना आहे. आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या जपानी बायका काझुको, साचिको, केइको, योको. शेवटी 'को'. त्या 'को'चं चिन्ह म्हणजे मूल. 1980 नंतर हा 'को' मागे पडत गेला. म्हणजे 'को' ऐकला की वयाचा साधारण अंदाज करता येतो, जसा आपल्याला 'शालिनी' ऐकून करता येतो. तिकडे एक विमा कंपनी आहे, मेइजी यासुदा नावाची. ती 1912 पासून कुठल्या वर्षी कुठली नावं जास्त ठेवली गेली याची यादीच देते. लेखकांची केवढी सोय! पूर्वी पहिल्या मुलाचं नाव इचिरो, दुसऱ्याचं जिरो, तिसऱ्याचं साबुरो, असं नुसत्या क्रमांकावरूनही ठेवत.

शिक्षक मंडळींना 'तोत्तोचान' आठवत असेल. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठी अनुवादामुळे ती घरोघरी पोचली. तिचं खरं नाव तेत्सुको. मुलगाच होणार म्हणून आईवडिलांनी 'तोरू' हे नाव ठरवून ठेवलं होतं. झाली मुलगी. मग त्याच चिन्हाचा दुसरा उच्चार घेऊन, पुढे 'को' जोडून, तेत्सुको केलं. 'चान' म्हणजे लहान मुलांना लाडाने लावायचा शब्द. एका नावात आईबापांची इच्छा, फसलेला अंदाज, लिपी आणि लाड, सगळं आलं की नाही? असं नाव बसल्या बसल्या सुचत नसतं. ते एका घरात घडलेलं असतं.

आणि लिपीचं वेगळंच प्रकरण. एकच उच्चार वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिता येतो आणि प्रत्येक चिन्हाचा अर्थ वेगळा. नावात वापरायला सरकारने जवळजवळ तीन हजार चिन्हं मान्य केली आहेत. नुसतं लिहिलेलं नाव वाचून उच्चार कळेलच असं नाही, म्हणून 2025 पासून तिथल्या कुटुंबाच्या नोंदवहीत उच्चारही नोंदवायला लागले आहेत. आमच्या लेखकाने एका जपानी शिकलेल्या पुणेकर मुलीला गाठून तीन चिन्हजोड्यांमधून एक निवडली. नाव ठरलं माकोतो, 1960च्या दशकात फार चाललेलं. आडनाव त्याने असं घेतलं, की ते साहेबाच्या मूळ प्रांतात खरोखर आढळतं. मला कौतुक वाटलं. अगदी मनापासून.

मग मी तो सुधारलेला खर्डा पुन्हा वाचला आणि माझा उत्साह मावळला. साहेबाचं नाव, गाव, प्रांत, चिन्ह, सगळं नीट. आणि समोर बसलेली ती म्हातारी चाळीस पानं नुसती 'मावशी'! एका ठिकाणी सरकारी माणूस तिला नाव विचारतो, तेव्हा ती 'सखूबाई' म्हणते. आडनाव नाही. नवऱ्याचं नाव नाही. हजारो कोसांवरच्या माणसासाठी महिनाभर खपलेला लेखक स्वतःच्या शाळेपासून पंधरा मैलांवरच्या बाईला हिंदी सिनेमातली शांताबाई करून सोडतो. हा राग माझा एकट्या विद्यार्थ्यावर नाही. आपल्या मालिका बघा. घरातली मंडळी देशमुख, इनामदार, जहागीरदार, वतनदार सगळे, आणि कामाला येणाऱ्या बाईला आडनावच नसतं. आडनाव द्यायचं म्हणजे तिला घर, गाव, भाऊ, दीर द्यायचे. तेवढे कष्ट कोण घेतो?

बरं, पनवेलच्या आसपासची नावं काही सोपी नाहीत. जपानी नावांइतकाच अभ्यास मागतात. माझ्या वर्गात आगरी मुलं असायची. आडनावं पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत, भोईर, कडू, मढवी, भगत. मुलांची नावं सगळ्यांसारखीच, पण पालक म्हणून सही करायला येणाऱ्या आजोबांची नावं हसुराम, जोमा, बामा, पदू. आज्यांची चांगुणा, पदी, बामी, जनी. ही नावं मी दुसरीकडे फारशी ऐकली नाहीत. वाडीवरच्या कातकरी-ठाकरांच्या मुलांत जन्मवाराची नावं असायची. सोमी, मंगळ्या, बुधी. त्यांना दाखल्यावर 'चांगलं' नाव देऊन टाकणारे गुरुजीही मी पाहिले. मूल घरी बुधी, शाळेत कुणी भलतीच. हजेरी घेतली तरी ते 'हजर' म्हणत नसे, कारण आपल्याला हाक मारली हेच त्याला कळत नसे.

आणि आमचे बेने इस्राएली. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग 1849चं आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली'. त्यांची आडनावं ऐका. पेणकर, रोहेकर, चौलकर, दिवेकर, नवगावकर. कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच! सिनेमातले लाडके डेव्हिड मूळचे डेव्हिड अब्राहम चौलकर. पण जुन्या काळात पहिली नावंही मराठी वळणाची होती. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, बेंजामिनचा बनाजी. मुंबईचं पहिलं सिनेगॉग 1796 साली ज्यांनी बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात. आता कुणी 1850च्या पनवेलवर कादंबरी लिहिली आणि तिच्यातल्या तेल्याला नुसतं 'सॅम्युएल' म्हटलं, तर शब्दकोशाच्या हिशेबाने ते बरोबरच, पण बाजारात त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नसती.

जाता जाता त्या 'कर'चंही सांगते. गावावरून पडलेलं आडनाव सहसा गाव सोडलेल्याला चिकटतं. पनवेलमध्येच सात पिढ्या राहिलेल्याला पनवेलकर कोण म्हणणार? सगळेच पनवेलकर! नेमाड्यांचं स्वतःचं गाव खानदेशातलं सांगवी आणि 'कोसला'चा नायक पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला नुसतं धाडस दिलं नाही, त्याला बनेश हे नाव आणि फुरसुंगी हे गावही दिलं. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक वऱ्हाडातच शोभते, तिला रत्नागिरीत आणून बसवता येणार नाही. आणि पु.लं.चा अंतू बर्वा! अनंताचा अंतू आणि बर्व्यांचा बर्वा. एवढ्यात रत्नागिरी आली.

काही जण म्हणतील, बाई, आडनाव लिहिलं की जात कळते, म्हणून आम्ही मुद्दाम टाळतो. हेतू चांगला असेल. पण टाळलं कुणाचं जातं ते मोजून बघा. साहेबाचं नाही, मालकिणीचंही नाही. टाळलं जातं ते मावशीचं. देवलांनी 1890 साली 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, तेव्हा सगळ्याच पात्रांना मराठी केलं. तो एक चोख मार्ग होता. अर्ध्यांना पूर्ण नाव आणि अर्ध्यांना नुसतं नातं, याला मी मार्ग म्हणत नाही.

आता मुख्य मुद्दा. त्या म्हातारीला नाव न दिल्याने कथेचं काय नुकसान झालं ते मी विद्यार्थ्याला पत्राने कळवलं. तेच इथे थोडक्यात लिहिते.

आपल्याकडे त्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना दोन नावं असतात. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं जातं आणि जुनं संपतं. जपानात कायद्याने नवराबायकोचं आडनाव एक असावं लागतं आणि बहुतेक वेळा बायकोच आपलं सोडते, यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. आपल्याकडे कायदा नाही, पण रीत अशी की आडनावाबरोबर पहिलं नावही गेलं. मलाही ते ताट मिळालं होतं. माझ्या माहेरच्या नावाने हाक मारणारी आता एक बहीण तेवढी उरली आहे. ते नाव इथे लिहीत नाही, तिच्यापुरतंच राहू दे.

पण जमिनीच्या कागदाला तांदूळ माहीत नसतात. 1970 नंतर नव्या मुंबईसाठी इथल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, भाव आकाशाला भिडले आणि बापाच्या जमिनीतल्या वारस म्हणून बहिणींची नावं अचानक महत्त्वाची झाली. सातबाऱ्यावर नाव माहेरचं, म्हणजे पदी. आधार कार्डावर सासरचं, कुणी वनिता, कुणी शेवंती. 'या दोन्ही व्यक्ती एकच आहेत' असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. मी मास्तरीण म्हणून अशी प्रतिज्ञापत्रं घेऊन बायका माझ्याकडे वाचून घ्यायला यायच्या. कुणाला हक्क हवा असायचा. कुणाला भावाने हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायला बोलावलेलं असायचं. एक आजी मला म्हणाल्या, "पन्नास वर्षांनी माझं नाव कुणी घेतलं, ते पण सोडायला लावायला." त्या अंगठा देऊन आल्या. भावाशी वाकडं नको म्हणून.

मी विद्यार्थ्याला लिहिलं, की तुझ्या कथेतली बाई आणि तो माकोतो एकमेकांसमोर बसतात, तेव्हा तो आपल्या नावाचं चिन्ह तिला कागदावर काढून दाखवतो. फार सुंदर जागा आहे ती. पण त्याने तिला तिचं नाव विचारल्यावर तिने कुठलं सांगायचं? हे तुला ठाऊक नसेल तर तो प्रसंग तुला लिहिताच येणार नाही. 'सखूबाई' म्हणून तू सुटलास. ती नाही सुटत.

अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. रागावला असेल तर रागावू दे, शाळेतही रागवायचा आणि दोन दिवसांनी निबंध परत लिहून आणायचा.

तुमच्यापैकी कुणी यंदाच्या दिवाळी अंकासाठी काही लिहीत असेल तर ही नावं कुठे मिळतात ते सांगून ठेवते. जुन्या लग्नपत्रिका फेकू नका. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहायला मिळालं तर भाग्य समजा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'तुझ्या वर्गात कोण कोण होतं' एवढंच विचारा आणि वही घेऊन बसा, तासभर थांबणार नाहीत. आणि गावातल्या देवळाच्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या जरूर वाचा. आमच्या इकडच्या एका पाटीवर सतरा पुरुषांची नावं आहेत, बाप-आडनावासकट. अठरावी ओळ आहे, 'एक माउली, रुपये 51'.